माझ्या बोटांची पंधरा दिवसांची रजा

मी बद्री. पोलंडातल्या आमच्या गावात चांगला जॉर्जियन पाव कुठे मिळतो, असं कोणालाही विचारा, माझंच नाव सांगेल. दुसऱ्या कोणाचं सांगितलं, तर त्या माणसाचं नाक सर्दीने चोंदलंय असं समजा! तीन वर्षं मी तोनेत, म्हणजे आमच्या मातीच्या, विहिरीसारख्या खोल भट्टीत, कमरेपर्यंत वाकून पाव थापतोय. गरम पाव सरळ बोटांनी ओढून काढतो. हातमोजे घालणाऱ्याला आमच्यात बेकर म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात.

त्यामुळे घरात सगळ्यांची राहण्याच्या परवान्याची कार्डं संपत आली, तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हणालो, “लाली, तू आणि तुझी आई मागून या. आधी मी जातो. पाच मिनिटांचं काम!”

होतंच पाच मिनिटांचं. युरोपभर कार्ड एकाच नमुन्याचं. आकार ठरलेला, फोटोत हसायचं नाही हे ठरलेलं, आणि आतल्या चिपमध्ये दोन बोटांचे ठसे. न हसणं मी जमवलं. राहिली बोटं.

कार्यालयात खिडकीपलीकडच्या ग्राझिनाबाईंनी यंत्र पुढे सरकवलं. मी बोट ठेवलं. लाल दिवा!

“पुसून ठेवा.”

पुसलं. लाल!

“दुसरं ठेवा. जरा दाबा.”

असं दाबलं की टेबल मागे सरकलं. लाल!

ग्राझिनाबाईंनी चष्मा चढवून माझं बोट उजेडात धरलं. “अहो, इथे तर काहीच नाही! अंड्यासारखं गुळगुळीत! मागच्या वेळी कसे उमटले?”

“तेव्हा मी गोदामात होतो. आता भट्टीवर असतो.”

“मग भाजून गेले की सगळे!”

ऑक्टोबरात माझ्या मेहुण्याचं लग्न, तिकडे जॉर्जियात. कार्डाशिवाय जाता आलं असतं, पण परत येऊन इथे राहता आलं नसतं. आणि त्या लग्नात तमादा मी होतो! तमादा म्हणजे मेजवानीचा सूत्रधार. तो एकेक शुभेच्छा बोलणार, मग सगळे पेले उचलणार. मी नाही गेलो तर हा मान मालखाझला. मालखाझ हा लालीचा चुलतभाऊ. गेल्या लग्नात त्याने वधूच्या आजीला स्वर्गवासी समजून तिच्या आठवणीत पेला उचलला. आजी समोर बसून वांगी खात होती!

ग्राझिनाबाई म्हणाल्या, “हे बघा, अशा वेळी आपण...”

पण माझ्या इज्जतीचा प्रश्न होता! मी ताडकन उभा राहिलो आणि छातीवर हात ठेवला. “बाई! बद्रीने कुठलंही काम आजवर अर्धवट सोडलेलं नाही! आईची शपथ घेऊन सांगतो, पंधरा दिवसांत या बोटांवर ठसे उगवून आणतो!”

रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. ग्राझिनाबाईंनी पुढची तारीख लिहून दिली.

घरी लालीने फर्मान काढलं. “पंधरा दिवस कशालाही हात लावायचा नाही!”

“आणि भट्टी?”

“मी आहे ना!” सासूबाईंनी बाह्या वर केल्या. “जावईबापू, तुम्ही लंगोटात होतात तेव्हापासून मी पाव लावतेय.”

वरच्या मजल्यावरच्या पोलिश शेजारणीने बरणीभर हंसाची चरबी दिली. ती बोटांना चोपडायची, वर पांढरे सुती हातमोजे चढवायचे. ऑगस्टच्या उकाड्यात मी हातमोजे घालून दुकानाबाहेर बसलो. कोणी हात पुढे केला की मी कोपर पुढे करायचो. तिसऱ्या दिवशी अख्ख्या रांगेत कुजबुज.

“काय झालंय हो यांना?” एका बाईने सासूबाईंना विचारलं.

“सरकारला यांची बोटं पाहिजेत!” सासूबाई भट्टीतूनच ओरडल्या.

संध्याकाळपर्यंत माझी बोटं कापणार अशी बातमी गावभर झाली! एकीने कोंबडीचं सूप आणून दिलं. एका म्हाताऱ्याने तर माझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

खरी नाचक्की रविवारी झाली. लालीने खिंकाली केली. या रसाने भरलेल्या पुरचुंड्या शेंडी धरून हातानेच खायच्या असतात. मोजे घातलेल्या हातात शेंडी सरकायला लागली. शेवटी मी काटा घेतला. काटा! खिंकालीला! रस ताटभर झाला आणि सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला.

“माझ्या घरात,” त्या म्हणाल्या, “हा दिवस बघायचा होता!”

मी मान खाली घालून जेवलो. पण रोज सकाळी भिंग घेऊन बोट बघायचो, आणि बाराव्या दिवशी चक्क रेषा दिसल्या! मी लालीला उठवून दाखवल्या, शेजारणीला दाखवल्या, पोस्टमनलाही दाखवल्या.

पंधराव्या दिवशी मी कार्यालयात गेलो. त्याच दिवशी माझ्यामागचा नंबर सासूबाईंचा होता, म्हणून त्याही होत्या. मी मोजे एकेक बोट सोडवत काढले आणि बोट ठेवलं. हिरवा! दुसरं ठेवलं. हिरवा! मी आनंदाने ओरडलो, रांगेकडे वळून हात उंचावले. डोळ्यांत पाणीच आलं हो!

“आता तुम्ही या, आजी,” ग्राझिनाबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी बोट ठेवलं. लाल!

पुसून ठेवलं. लाल! दुसरं, तिसरं. लाल! त्यांनी हात उलटे करून बघितले. पंधरा दिवस माझ्या भट्टीत भाजलेली बोटं होती ती. गुळगुळीत!

मला घामच फुटला. मुलाचं लग्न, आणि आईच अडकणार! तीही माझ्यामुळे! “बाई,” मी काचेला नाक लावून म्हणालो, “यांनाही पंधरा दिवस द्या. चरबी उरलीय घरी. मी स्वतः चोपडतो!”

“कशाला?” ग्राझिनाबाईंनी कॉम्प्युटरवर कुठेतरी एक खूण केली. “ठसे उमटत नसतील तर तसं लिहायचं. कार्ड मिळतं. झालं तुमचं, आजी. सही करा.”

सासूबाईंनी सही केली. अर्धं मिनिट लागलं.

“मग,” माझा आवाज चिरकला, “माझ्या वेळी का नाही सांगितलंत?”

“सांगत होते की! तुम्ही उभे राहून भाषण सुरू केलंत. वर आईची शपथ घेतलीत. शपथेच्या मध्ये मी कशी बोलणार?”

परतीच्या बसमधून थांब्यावर उतरताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, “लग्नात भाषणं आखूड ठेवा, जावईबापू.”

दोघांचीही कार्डं एकाच दिवशी आली. लग्नाच्या मांडवात मी माझं कार्ड सगळ्यांना फिरवून दाखवलं. मालखाझने ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, “ठसे कुठेत?”

“आत आहेत. चिपमध्ये. दिसत नाहीत,” मी म्हणालो.