बरं हाय, म्याडम

वैद्यकशास्त्र पुराव्यावर उभं असतं आणि पुरावा शेवटी माणसाच्याच तोंडून बाहेर पडतो. म्हणून हृदयाच्या एका नव्या गोळीचा अभ्यास देशभरातल्या अठरा दवाखान्यांत एकदमच सुरू झाला. सतरा मोठमोठ्या शहरांत होते, अठरावा नळदुर्गला, हायवेच्या कडेला. (ग्रामीण हृदयाचाही विचार व्हावा, असा वरून आग्रह होता.)

अणदूरचे शांतलिंगअप्पा यात घेतले गेले ते धाप लागते म्हणून. म्हणजे माणूस अगदी लायक. पण गोळी सुरू झाल्यावर पहिल्याच तपासणीला त्यांच्यावर भलता प्रसंग आला. डॉक्टर राजेश्वरीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि शिवाय हात हातात घेऊन विचारलं, "अप्पा, कसं वाटतंय?" उभ्या जन्मात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. (जावई विचारतो, पण उत्तराला थांबत नाही.) आता जिचा चहा प्यालो तिच्याच तोंडावर "काय फरक न्हाय बघा" म्हणायचं? अप्पांच्या घराण्याची रीत एवढी बुडाली नव्हती.

"बरं हाय, म्याडम. लई बरं हाय."

नळदुर्गचे बाकीचे रुग्णही याच वळणाचे निघाले. मदिनाबींनी पायाची सूज साडीखाली झाकून घेत "अल्लाची मेहरबानी अन् तुमच्या हाताचा गुण" असं सांगितलं. मुंबईत निम्म्यांना बरं वाटलं, नळदुर्गात झाडून सगळ्यांना. एकाला तर गोळी सुरू होण्याआधीच. (छातीचे फोटोही निघत होते, पण ते बघणारा विभाग वेगळा होता आणि तो बघत नव्हता.)

घरी मात्र अप्पांना आडवं पडता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लागायचा. त्यांची बायको सिद्धम्मा पाठीशी उशा रचत करवादायची.

"सांगा की त्या बाईला! तोंड शिवलंय का तुमचं?"

"तिला वाईट वाटंल गं. लेकीगत इचारती."

"अन् तुमी मेल्यावर तिला गोड वाटंल व्हय?"

अप्पांना हे पटायचं. मरणाची भीतीही वाटायची, खोटं कशाला बोला! या खेपेला सांगायचंच असं ठरवून ते निघायचे, आणि चहा यायचा.

यथावकाश, शेवटची तपासणी व्हायच्या आधीच, नळदुर्ग हे सर्वोत्कृष्ट केंद्र ठरलं. सत्कार ठेवला. आदर्श रुग्ण म्हणून अप्पांना मंचावर बोलावलं. पायऱ्या चढतानाच दम संपला, माइकपुढं शब्द फुटेना. पाहुणे म्हणाले, "भावना अनावर झाल्या," आणि टाळ्या पडल्या.

सिद्धम्मा ताडकन उठली. "अवो, भावना कसल्या घिऊन बसलाव! धाप लागलीया त्यांला! रातरात बसून काढतेत!"

मंडळी गंभीर झाली. नियम तपासला. बायकोची अभ्यासात नोंद नसल्यामुळे तिचं म्हणणं पुराव्यात धरता येत नव्हतं. राजेश्वरीबाईंचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. त्या अप्पांजवळ वाकून म्हणाल्या, "अप्पा, खरं सांगा. मला राग नाही येणार."

अप्पांनी तो चेहरा पाहिला. त्यांचा जीव तुटला.

"बरं... हाय... म्याडम."

दुसऱ्या दिवशी सिद्धम्मानं त्यांना जीपमध्ये घालून सोलापूर गाठलं. तिथले डॉक्टर बघताक्षणी खेकसले, "इतके दिवस झोपला होता का?" अप्पांना एकदम मोकळं वाटलं. खेकसणाऱ्याची कसली आलीय भीड! सगळं घडाघडा सांगितलं. लगेच ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, अंगातलं पाणी उतरवलं. अप्पा वाचले. सिद्धम्मा बाहेर फरशीवर बसून पोटभर रडली.

त्यामुळे नळदुर्गच्या शेवटच्या तपासणीला अप्पा गैरहजर राहिले. अशा वेळी शास्त्राचा नियम सोपा आहे. रुग्णाचं आधीचं उत्तरच पुढं धरायचं. सोलापुरात नाकाला नळी लावून पडलेले अप्पा अभ्यासात शेवटपर्यंत ठणठणीत होते. (ज्यांना तुलनेसाठी नुसत्या पिठाच्या गोळ्या दिल्या होत्या, तेही नळदुर्गात ठणठणीत होते. हे परिशिष्टात टाकलं आहे.)

गोळी आता सगळीकडे मिळते. तुम्हालाही मध्यंतरी लिहून दिलीच असेल. पुन्हा दाखवायला गेलात तेव्हा डॉक्टरांनी एवढ्या गर्दीत नाव घेऊन विचारलं, जिना चढताना दम लागतो का. बाहेर लोक खोळंबलेले, डॉक्टर भला माणूस, त्यातून गोळी त्यांनीच दिलेली. तुम्ही हसून म्हणालात, "छे, छे, अगदी छान!" मग जिना उतरून खाली आलात आणि गाडीला टेकून जरा वेळ उभे राहिलात. तुमचं उत्तर पुढच्या अभ्यासात घेतलं आहे. सहकार्याबद्दल आभारी आहोत.