कांबळे सिस्टरांचा पेशंट

आमच्या शेजारच्या कांबळे सिस्टर कॉम्प्युटर सुरू केला की कॅबिनेटवर तळहात ठेवतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत अर्धं मिनिट गप्प उभ्या राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नमस्कार वगैरे चाललाय. विचारलं तर म्हणाल्या, "पंख्याचं ठोकं मोजतोय. काल धाप लागली हुती त्याला."

सिस्टर सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डातून रिटायर झाल्या. कळंब्यातली आमची निम्मी कॉलनी त्यांच्या हातावर जन्मलेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमननं एकदाच त्यांच्यासमोर आवाज चढवला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "जल्मताना बी तू असाच उगच आरडत हुतास." मीटिंग तिथंच संपली.

त्यांचं आवडतं वाक्य एकच, "कळ काढा." वॉर्डात ते हजारो बायकांना सांगून झालेलं. आता बँकेच्या रांगेत, रिक्षाची वाट बघताना, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसेल तर, सगळीकडं कळ काढा. स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं की मॉनिटरच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "कळ काढ बाळा, कळ काढ."

हा बाळ चौदा वर्षांचा. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी घेतलेला. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, कॉम्प्युटर इथंच राहिला. त्याच्या कॅबिनेटला सुतळीनं एक पुठ्ठा बांधलाय आणि त्याला केसपेपर लावलाय. सुवाच्य अक्षरात नोंदी: "मंगळवार. अंग गरम. पंखा पुसला. आराम." "शुक्रवार. दोनदा शुद्ध हरपली. वायर हलवली. शुद्धीवर."

एका शुक्रवारी संध्याकाळी सिस्टर दारात आल्या. "मास्तर, पेशंट सीरियस हाय."

जाऊन पाहिलं. कसलंतरी अपडेट आलं होतं आणि आता एक प्रोग्रॅम उघडतच नव्हता. मेमरी कमी पडतेय, ग्राफिक्स कार्ड पाहिजे, असं स्क्रीनवर लिहून येत होतं. मी शाळेत मराठी शिकवतो, पण कॉलनीत कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारा म्हणून माझीच ख्याती.

"काय उघडायचंय सिस्टर?"

"हाय एक काम माझं. दोन रविवार बुडल्यात. ह्या रविवारी पाचच्या आत त्यो शुद्धीवर आला पायजे."

शनिवारी आम्ही राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मॉडेल ऐकलं आणि हसला. "मावशी, भंगारात घाला ते. नवीन घ्या."

"तुझ्या वडलांचं वय काय रं?"

"बहात्तर."

"त्यास्नी कधी घालणार भंगारात?"

दुकानदार आत गेला. जुन्या मशीनला चालणारी मेमरी शोधून आणली, आणि जुन्या पॉवर सप्लायवर निभेल असं एक छोटं ग्राफिक्स कार्डही. सिस्टरांनी पर्समधून टेप काढून कार्डाची लांबी मोजली. बाळांची उंची मोजायची तीच टेप. कॅबिनेटच्या आतलं माप त्यांनी घरून लिहून आणलं होतं. "बसतंय," म्हणाल्या. दुकानदार म्हणाला, मशीन आणा, बसवून देतो. "न्हाय. असल्या अवस्थेत पेशंट हलवायचा नसतो."

रविवारी दुपारी दोनला ऑपरेशन सुरू झालं. जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर, तिच्यावर कॅबिनेट, शेजारी वाटीत स्क्रू. सिस्टरांनी मला आधी नळाला हात लावून यायला सांगितलं. "अंगातली वीज तिथं सोडून या. ह्येच्या मेमरीला सोसत न्हाय." हे त्यांनी कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं आणि वहीत उतरवून घेतलं होतं. बीपी मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा दाबून दाबून त्यांनी चौदा वर्षांची धूळ उडवली. मी शिंकलो. मला तोंडाला रुमाल बांधायला लावला.

मेमरीची पट्टी खाचेत धरून सिस्टरांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक झालं. मग कार्ड बसवलं, स्क्रू आवळला, वायरी जोडल्या. मी बटण दाबलं. स्क्रीन काळी. आतून एक लांब शिट्टी, मग थांबून पुन्हा तशीच.

मी बंद करायला हात पुढं केला. सिस्टरांचा चेहरा मात्र खुलला. "रडतंय न्हवं? रडतंय म्हंजे जित्तं हाय. गप पडलं असतं तर काळजी."

प्लग काढून मेमरी बाहेर घेतली. तिच्या पिवळ्या कडेवर त्यांनी खोडरबर फिरवलं, फडक्यानं पुसली आणि पुन्हा दाबली. ह्या वेळी टक दोनदा झालं, दोन्ही टोकांना. बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी आली, निरोगी. पण स्क्रीन काळीच.

साडेचार वाजले होते. सिस्टर स्टुलावर बसल्या.  "तिसरा रविवार बी गेला म्हणायचा," असं स्वतःशीच म्हणाल्या. कळ काढा, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मी टेबलाला वळसा घालून कॅबिनेटची मागची बाजू बघितली. मॉनिटरची वायर मी सवयीनं जुन्याच जागी लावली होती. काढून नव्या कार्डात खोवली. स्क्रीन उजळली.

"नाळच चुकीच्या जागी जोडल्याली," सिस्टर म्हणाल्या आणि केसपेपरवर लिहिलं: "मास्तरांची चूक."

पाचला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवला.

"आज्जी, आलीस?"

"आलो की."

ती सई, त्यांची नात, नऊ वर्षांची. मुलाचं आणि सुनेचं मोडल्यापासून ती आईबरोबर हातकणंगल्यात असते. अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, पण तिकडं जायची वाट बंद झालेली. सुनेनं एवढी एक गोष्ट ठेवली होती, रविवारी पाच ते सहा. त्या तासात आज्जी आणि नात कॉम्प्युटरवरच्या एका खेळात भेटायच्या. ठोकळे रचून घरं बांधायचा खेळ.

स्क्रीनवर हिरवं माळरान उघडलं. सईची छोटी बाहुली उड्या मारत जवळ आली. सिस्टरांनी फोनवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाल्या, "आत्तापतूर ह्या मशीनवर मला धा पावलांपुढं सगळं धुकंच दिसायचं. ती म्हणायची, आज्जी, डोंगराकडं बघ. मी म्हणायचो, व्हय, झ्याक दिसतंय. पोरगी हिरमुसायला नको."

त्यांनी माऊस हळूच वळवला. माळामागं नदी दिसली, नदीपलीकडं डोंगर. डोंगराच्या उतारावर मशाली लावून अक्षरं काढली होती. एकेक अक्षर घराएवढं. "आज्जी".

 सिस्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"आज्जी, दिसतंय ना? दिवाळीच्या सुट्टीत केलेलं, ते अजून आहे."

"दिसतंय की."

"मग गप्प का?"

"आज जरा जास्तच लखलखतंय." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "चल, तितवर जाऊन येऊ."

"खूप लांब आहे, आज्जी."

"असू दे. आजून तासभर हाय आपल्याकडं."