दामूकाकांचे न घातलेले शर्ट

आधी माफी मागते. आमच्या घरात आजवर कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तीही अजून दुसऱ्या वर्षाला. अशा मुलीने वडीलधाऱ्या माणसावर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. पण दामूकाकांवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहिते.

दहिवलीत आमच्या घराला लागून काकांचं मगावर फोटो छापायचं दुकान आहे. नवं गिऱ्हाईक तिथे हमखास घाबरतं. कारण लग्नाचा फोटो छापून झाला की काका तो मग हातात देत नाहीत. नारळाची शेंडी घेतात आणि नवरानवरीची तोंडं खसाखसा घासतात. नवरी "अहो, अहो!" करते. काका घासतच राहतात आणि शेवटी विचारतात, "गेला का नवरा? नाय ना? रंग वर बसलेला नाय, आत गेलाय. आता तूच घालवलास तर जाईल."

पूर्वी काका ब्रशने पाट्या रंगवायचे. खालापूरच्या निम्म्या दुकानांवर त्यांची अक्षरं होती. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. त्याचा त्यांना राग नाही. राग आहे तो स्वतःच्याच रंगाचा. चार पावसाळ्यांत तो सोलून निघायचा. "वर लावलेलं सगळं जातं," हे त्यांचं आवडतं वाक्य.

संप्लवन म्हणजे स्थायूचं द्रव न होता थेट वायूत रूपांतर, हे मी कापराचं उदाहरण देऊन पाठ केलं होतं. समजलं मात्र काकांच्या दुकानात. आधी फोटो कागदावर उलटा छापतात. तिथे सगळी माणसं आजारी दिसतात, फिक्कट. मी तसं म्हटलं की काका म्हणतात, "थांब गं, अजून ताप चढायचाय." मग कागद मगाला गुंडाळून तापलेल्या मशीनमध्ये दाबतात. शाईची वाफ होते आणि मगावरच्या पातळ लेपात शिरते. कागद सोलला की तीच माणसं टवटवीत.

पांढरी शाई मात्र त्यांच्याकडे नसते. माझ्या आजोबांच्या मगावरच्या फोटोत पांढरी मिशी छापलेलीच नाही. तिथे मगाचा पांढरा दिसतो. "पांढरा ज्याचा त्याचा," काका म्हणतात.

आणि त्यांचा एक शत्रू आहे, सुती कपडा. "त्यो रंगाला घरात घेत नाय. ओटीवरच बसवतो. पहिल्या धुण्याला रंग चालला आपल्या गावी." पॉलिएस्टर त्यांना सख्ख्या भावासारखं.

गेल्या हिवाळ्यात खालापूरकडच्या एका वाडीतली सुगंधा टी-शर्टांचा गठ्ठा घेऊन आली. ती मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या स्पर्धा होत्या आणि पाठीवर नंबर हवे होते. आदल्या वर्षी मुलींनी ते खडूने लिहिले, घामाने पुसले गेले आणि पंचांनी पूर्ण संघ बाहेर बसवला.

काकांनी टी-शर्ट चिमटीत धरला. "ह्यो तर सुती हाय गं!"

"दुकानदार बोलला, एकदम शुद्ध हाय."

"शुद्धच हाय. तिथंच घोटाळा हाय."

तरी त्यांनी एक नंबर छापून पाहिला आणि धुतला. सातचा पार धुरकट डाग झाला. सुगंधा टी-शर्टांच्या घड्या घालायला लागली.

काका घरात गेले. बऱ्याच वेळाने आले, ते पांढरे शर्ट छातीशी धरून. कोरे करकरीत, टेरिलीनचे, म्हणजे पॉलिएस्टरच. मी ते ओळखले. काकू दर दिवाळीला काकांना एक घ्यायची. "एकदा तरी घाला हो," हे आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. काका म्हणायचे, "रंगाऱ्यानं पांढरा घालायचा? डाग पडंल. पुढच्या दिवाळीला बघू." चार वर्षांपूर्वी काकू गेली. शर्ट ट्रंकेतच राहिले.

काकांनी कात्री घेतली. शेजारून आलेली माझी आई म्हणाली, "भावजी, राहू द्या."

"काय राहू द्या? ठेवून कुणाचं भलं झालंय?"

त्यांनी पाठीचे चौकोन कापले आणि त्यांवर लाल नंबर छापले. आईने ते शिलाई मशीनवर टी-शर्टांना शिवले. प्रत्येक नंबर काकांनी शेंडीने घासला, तेव्हाच सुगंधाला सोडलं.

दुसऱ्या दिवशी काका स्पर्धेला गेले नाहीत. "माझं काय काम तिथं?" म्हणाले आणि दिवसभरात एकच मग तीनदा वाकडा छापला. सुगंधाचा फोन लागत नव्हता. चार वाजता ते शटर ओढून बसले. पाच वाजता परत उघडलं.

संध्याकाळी दारात टेंपो थांबला. सुगंधा उडी मारून उतरली.

"काका, जिकलो! फायनल जिकलो!"

तिचा टी-शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला होता. शेवटच्या चढाईत तिघींनी मागून धरलं होतं, तरी ती रेषेपर्यंत पोचली होती.

काकांनी एवढंच विचारलं, "आणि नंबर?"

ती वळली. चौकोन शाबूत होता. लाल सात, भोवती काकूचा पांढरा. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, घासून पाहिल्यासारखा, पण अगदी हलक्या हाताने. मग ते आत गेले. रिकाम्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि काका खणखणीत आवाजात म्हणाले,

"ऐकलंस का गं? घातले. आणि जिकले!"