नलूताईंच्या गोष्टीतली आत्या

आमच्या वरच्या मजल्यावरच्या नलूताई पुस्तकातल्या माणसांची बातमी नात्यातल्या माणसांसारखी देतात. एकदा जिन्यातच त्या म्हात्रेकाकूंना म्हणाल्या, "विमल गेली हो."

काकूंनी हातातली कोळंबीची पिशवी खाली ठेवली. "कोन विमल? कवा गेली?" पदर डोळ्यांना लागला.

तेव्हा नलूताई शांतपणे म्हणाल्या, "नव्या कादंबरीतली. सध्या सगळीकडे हेच चाललंय. घेऊन टाका."

काकूंनी घेतली. काकूंना वाचता येत नाही. कादंबरी टीव्हीशेजारी उभी आहे.

नलूताई भावाकडे राहतात. भावाचं नालासोपाऱ्यात पुस्तकांचं दुकान आहे. तिथं जे नवं पुस्तक खपायला लागतं, ते त्या आमच्या बिल्डिंगमध्येही खपवतात. गॅसवाल्यानं सिलिंडर टेकवून पाणी मागितलं की त्याला पाण्याबरोबर पुस्तकाचं नावही मिळतं. "वाचलं नाही? मग तुम्ही राहता कुठं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्याचंही मला काही नव्हतं. पण त्यांनी माझ्या बायका नेल्या.

वालीवच्या कारखान्यातून माळा ओवायचं काम मी आणते. दुपारी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका ओवायला माझ्या दारात बसत. मला फार बोलता येत नाही, पण चटई माझी, चहा माझा. एक दिवस मणी ओवता ओवता नलूताईंनी एका कादंबरीची गोष्ट सुरू केली आणि ऐन रंगात आल्यावर थांबल्या. "पुढचं पुस्तकात." दुसऱ्या दिवशी सगळ्या वर, त्यांच्या दारात. माझी चटईसुद्धा नेली. मी मण्यांची पिशवी पोचवायची, जरा वेळ कोपऱ्यात बसायचं आणि खाली यायचं. वरून हसण्याचा आवाज आला की खाली माझी भाजी करपायची.

त्यांच्या गोष्टीत मुख्य बाई कुणीही असो, घरात एक आत्या असायचीच. ती आल्याशिवाय पानं वाढत नसत, तिला विचारल्याशिवाय लग्न ठरत नसे. काकू तर आल्या आल्या आत्याचीच चौकशी करायच्या.

शेवटी नलूताई ज्याची गोष्ट सांगत होत्या, ते गाजणारं पुस्तक मीही घेतलं. चौथी शिकलेली मी, ओळीखाली बोट ठेवून वाचते. पावसाळाभर वाचलं. नलूताई थांबल्या की पुढचं आपण सांगायचं आणि बायका खाली आणायच्या, एवढाच हेतू. पुस्तक संपलं. आत्या कुठंच नव्हती. काकूंच्या टीव्हीशेजारचं मागून आणलं. त्यातही नव्हती.

इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. रविवारी दुपारीच जाब विचारायला वर गेले. दार उघडं होतं. भाऊ, भावजय, मुलं टेबलाशी हसतखेळत जेवत होती. नलूताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"तुम्ही नाही बसलात?"

"त्यांचं होऊ दे. मला काय, मागाहून कधीही चालतं." आणि लगेच, "वाचलंस का? कसं वाटलं?"

"चांगलं आहे," म्हणून मी खाली आले.

सोमवारी बायका जमल्या. मी पिशवी ठेवत होते, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "सुमन, तू पुरा वाचलास ना गो? मंग त्या आत्याचं काय झालं?"

नलूताईंची सुई हवेतच राहिली. त्या माझ्याकडे बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या. इतक्या जणी माझ्या बोलण्यासाठी कधी थांबल्या नव्हत्या.

"तिला यायला उशीर झाला," मी म्हटलं. "घरची सगळी ताटं घेऊन बसून राहिली. ती आल्यावरच जेवली."

"मंग बरं," म्हणत काकूंनी पुढचा मणी घेतला.

नलूताई खाली मान घालून बराच वेळ दोरा ओवत राहिल्या. तो काही ओवला जाईना.

उठताना मी माझी चटई गुंडाळून काखेत मारली.

"उद्यापासून सगळ्यांनी खाली बसायचं, माझ्या दारात," मी नलूताईंना म्हटलं. "आणि तुम्ही जरा लवकर या. जेवायलाच या. मी थांबते."