निवृत्तीनं बांध सोडला

मल्लिकार्जुनआप्पांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. शेजारच्या निवृत्तीचा वखर बांधाकडे आला आणि बांध दोन हात लांब असतानाच त्यानं बैल वळवले. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच.

आप्पा घरी येऊन पायातलं न काढताच उंबऱ्यात बसले.

"निवृत्तीनं बांध सोडला."

भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोचा, दानम्माचा हात थांबला. "सोडला म्हंजे?"

"दोन हात. चांगली वखरायजोगी जमीन. तशीच टाकली."

"बिमार-बिमार हाय का त्यो?"

दानम्माचं काही चुकत नव्हतं. औशाकडच्या त्या गावात बांध कोरणं ही रीत होती. दर उन्हाळ्यात निवृत्तीनं तिकडून नांगराचं एक तास काढायचं, आप्पांनी इकडून एक काढायचं, आणि मग दोघांनी मिळून एकमेकांना चोर म्हणायचं. त्यामुळे बांध इतका बारीक झाला होता की शेळीसुद्धा त्यावरून तोल सांभाळत जाई. आप्पांच्या वडिलांनी याच बांधापायी कचेरीचे उंबरे झिजवले होते, आणि शेवटच्या दुखण्यात मुलाला एवढंच सांगितलं होतं की बांधावर नजर ठेव.

"इथं कुठंतरी पाणी मुरतंय," आप्पा म्हणाले.

"मुरायला पाणी हाय कुठं?" दानम्मा म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तेही खरंच होतं. लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि पावसानं पाठ फिरवली होती. लोक म्हणत, पावसाला नवा पत्ता अजून कळलेला नाही, तो जुन्याच जिल्ह्यात पडत असेल. जुन्या जिल्ह्यातले पाहुणे येऊन सांगत, तिकडंही नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी निवृत्तीला गाठलंच. "का रं, बांध कशापायी सोडलास?"

"पाखरांसाठी, आप्पा. समदं रान उघडं पडलंय. गवत न्हाई, झुडूप न्हाई. त्यांनी बसावं कुठं?"

आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. गेल्या साली आप्पांची शेळी तुरीत शिरली म्हणून महिनाभर अबोला धरणारा माणूस पाखरांना जमीन देतोय. इतकं भाबडं कारण फक्त लबाड माणूसच सांगू शकतो, अशी त्यांची खात्री झाली.

विचार करता करता त्यांना उलगडलं. नवा जिल्हा म्हणजे नवी मोजणी. मोजणीचा साहेब येणार, बांध बघणार आणि म्हणणार, निवृत्तीनं बांध राखलाय, आप्पानं कोरलाय. मग हद्दीचा दगड आप्पांच्या वावरात सरकणार. बापानं जन्मभर राखलेली जमीन पाखरांच्या नावाखाली जाणार.

आप्पा एस.टी.नं लातूरला गेले. कचेरीतल्या कारकुनानं कागद पुढं ओढला. "शेजाऱ्यानं बांध कोरला?"

"न्हाई साहेब. सोडला."

"मग तक्रार काय?"

"हीच."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "आप्पा, उन्हाचं आलात. आधी पाणी प्या."

आप्पा पाणी पिऊन परत आले. सरकारही निवृत्तीला सामील आहे, एवढं मात्र त्यांना कळून चुकलं. आता एकच उपाय उरला. निवृत्तीनं दोन हात सोडले, तर आपणही दोन हात सोडायचे. मोजणीला कोण येतंय ते मग बघू.

पण निवृत्ती तेवढ्यावर थांबेना. त्यानं बांधाच्या कडेला फुटक्या मडक्याचं खापर पुरून त्यात पाणी ओतलं. हद्दीची खूण रोवली, आप्पांनी ओळखलं. त्यांनी आपल्या बाजूला त्याहून मोठं खापर पुरलं. निवृत्तीनं त्याच्या कडेला उरलेल्या एकुलत्या बोराटीच्या झुडपाला ज्वारीची कणसं बांधली. आप्पांनी आपल्या बाजूला काठी रोवून तिला त्याहून भरलेली बांधली.

"अवं, हिरीनं तळ गाठला," दानम्मा म्हणाली. "मी घागर पुरवून पुरवून वापरायलेय, अन् तुमी खापरं भरायलात?"

"त्याचं खापर भरलेलं अन् आपलं कोरडं दिसलं, तर ताबा कुणाचा म्हणतील?"

"अन् पाखरं त्याच्या खापरावर जास्ती बसली तर?"

हे आप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते घोंगडी घेऊन बांधावर राखणीला बसू लागले. होले यायचे, साळुंक्या यायच्या, चिमण्या तर पोरांसारख्या भांडायच्या. पाणी निवृत्तीकडं प्यायच्या, दाणे आप्पांकडं टिपायच्या. त्या नेमक्या कुणाच्या बाजूनं आहेत ते काही कळेना.

तितर मात्र त्यांना खटकला. तो पळत यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि बोराटीच्या बुडाशी नाहीसा व्हायचा. निवृत्तीही जाता-येता तिथंच वाकायचा. अस्सं. म्हणजे तिथं काहीतरी पुरलंय. हद्दीचा जुना दगडच असणार.

एका सकाळी निवृत्ती औशाच्या बाजाराला गेला. आप्पा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बोराटीखालचं वाळकं गवत हलकेच बाजूला केलं. भुर्रकन तितर उडाला, आप्पा मागं कोलमडले. पुन्हा जवळ जाऊन पाहिलं, तर दगड नव्हता. जमिनीतल्या खळग्यात अंडी होती, फिक्या रंगाची, एकमेकांना चिकटून ठेवलेली.

निवृत्ती खरं बोलला होता. इतक्या वर्षांत हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता. त्यांनी गवत होतं तसं सारखं केलं आणि आपलं खापर उचलून सावलीत, बोराटीजवळ सरकवलं. ते निवृत्तीच्या हद्दीत गेलं. जाऊ दे, म्हणाले.

"आप्पा, काय शोधायलात?"

पलीकडच्या बाजूचे शेजारी व्यंकटराव त्यांच्या मागं उभे होते. वखर तिकडं सोडून ते खास बघायला आले होते.

"काई न्हाई," आप्पा धोतर झटकत उठले.

"तुमी बांध सोडला म्हणं. कशापायी?"

"पाखरांसाठी."

व्यंकटरावांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग बोराटीकडं पाहिलं, खापराकडं पाहिलं आणि ते आपल्या वावरात गेले.

थोड्या वेळानं आप्पांनी मान वर करून पाहिलं. व्यंकटरावांचा वखर त्या दोघांमधल्या बांधाकडे येत होता. बांध अडीच हात लांब असतानाच तो वळला.