तीन चंद्रांची संकष्टी

एका जंगलात एक टिटवी राहत होती. मोठी नेमाची. झोपताना पाय वर करून झोपायची. न जाणो, आभाळ कोसळलं तर तोलायला कुणीतरी हवं! आणि बाळांनो, त्या जंगलात आभाळ एकदाही कोसळलं नाही. तेव्हा काम चोखच म्हणायचं.

तिथले राजे वाघोबा. त्यांचं एकदा पोट बिघडलं. अस्वलमामा वैद्य म्हणाले, "लंघन करा." लंघन वाघोबांना कमीपणाचं वाटलं. उपास म्हटल्यावर मात्र ते खुलले. उठले आणि टिटवीकडे आले.

"टिटवीबाई, एखादं व्रत सांगा. राजाला शोभेलसं."

टिटवीला भरूनच आलं. वाघाला सुबुद्धी झाली, आणखी काय हवं! ती म्हणाली, "कहाणी पुरी ऐकल्याशिवाय उपास सोडायचा नाही, एवढा नेम धरा. तोवर फराळाला रताळी."

"जुन्या कहाण्या नकोत. त्यांत वाघ नेहमी फसतो."

तेव्हा वानर पुढे झालं. ते नुकतंच शहराकडून आलं होतं. तिथे एका गच्चीवर त्यानं मुलांचा खेळ पाहिला होता. एकानं कहाणी सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यात शिरायचं. कुणी यानाचा कप्तान व्हायचं, कुणी चोरटा व्यापारी. अडलं की फासे टाकायचे. आणि हे सगळं घडायचं कुठे? तर पार ताऱ्यांच्या पलीकडे.

"मग सांगायचं टिटवीबाईंनीच," सगळे म्हणाले. "आभाळ त्यांच्याच तर पायांवर आहे!"

वाघोबांनी पळीभर पाणी सोडून संकल्प केला. खेळ पुरा झाला की उद्यापन, आणि मग उपास सोडायचा.

टिटवी खेळाचे जिन्नस जमवायला लागली. सणाच्या स्वयंपाकासारखंच होतं ते. आधी एक म्हातारं साम्राज्य घेतलं, कडेकडेनं उंदरांनी कुरतडल्यासारखं. मग एक यान.

"नवंकोरं ना?" वानरानं विचारलं.

"इश्श! नवं यान बिघडणार कधी आणि गंमत येणार कधी? दोन धपाटे घातल्याशिवाय सुरूच होत नाही असं हवं."

अस्वलमामांना मधाचा एक अख्खा ग्रह हवा होता. दिला. पण तिथे पोचायची वाट चाच्यांच्या टोळीतून ठेवली. दहा ग्रहांची मंडळी एका पंगतीला बसून एकमेकांच्या पानात डोकावतात, अशी एक धर्मशाळाही घातली. शेवटी चिमूटभर मीठ घालावं तसं एक बंद दार ठेवलं. कधीच्या काळी नाहीशा झालेल्या लोकांचं.

"दारामागे काय आहे?" वानरानं विचारलं.

"मलाही ठाऊक नाही. सगळं मीच भरून ठेवलं, तर खेळणाऱ्यांनी काय करायचं?"

आठव्या दिवशी सगळं जमलं. टिटवी वाघोबांना सांगायला गेली. वाघोबा दगडावर नखं घासत होते.

"उद्यापनाला मेहूण लागतं ना, टिटवीबाई? नवराबायकोचं जोडपं? मी ससोबा आणि सशीणबाईंना सांगून ठेवलंय."

"छान केलंत हो! जेवायला काय बेत?"

वाघोबा गोंधळले. "मेहूणच की."

टिटवी उडाली ती थेट सशिणीच्या बिळापाशी. सशीण मिशा विंचरत होती.

"वन्सं, राजाघरचं पहिलंच आमंत्रण! माझे कान केवढे लांब, डूल उठून दिसतील नाही?"

टिटवी पेचात पडली. सांगावं तर सशीण पळणार, आणि पळत्याला वाघ सोडत नाही. वाघाला व्रत मोडायला सांगावं तर ते पाप. व्रत दिलं होतं तिनंच! ती देवाला म्हणाली, "देवा, व्रतही राहू दे आणि सशीणही राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तळ्याकाठी जमले. वानरानं फासे म्हणून चिंचोके फोडून आणले होते. सम्राट अर्थातच वाघोबा झाले. डूल घातलेली सशीण ससोबांसह पहिल्या रांगेत बसली होती.

टिटवीनं सुरुवात केली. "एक होता ग्रह. त्याला होते तीन चंद्र. तिथल्या सम्राटांची त्या दिवशी होती संकष्टी." ती थांबली. "तर महाराज, उपास कुठल्या चंद्राला सोडणार?"

"जो आधी उगवेल त्याला!" वानर म्हणालं.

"हे बरं! बाकीच्या दोघांनी काय घोडं मारलंय?" अस्वलमामा गुरगुरले. "तिन्हींना अर्घ्य द्यायला हवं."

"तिसरा उगवेस्तोवर पहिला मावळतो, मामा!"

"आणि मोदक? एकवीस की त्रेसष्ट?" सशिणीनं काळजीनं विचारलं.

वाघोबांनी डरकाळी फोडली. "थांबा! शास्त्र सोडून माझा सम्राट घास घेणार नाही. आधी हे ठरवा. मग खेळ!"

झालं. अस्वलमामांनी एक पंचांग रचलं, वानरानं दुसरं. जंगलात दोन तट पडले. ते एकमेकांच्या एकादश्या चुकीच्या ठरवू लागले. पावसाळा गेला, थंडी गेली. रताळ्यांनी वाघोबांचं पोट ठणठणीत झालं. रोजची रताळी सशीणच भाजून आणायची. "भावजी, एक तरी घ्या आणखी." तिला या काळात अकरा पोरं झाली. पोरं वाघोबांच्या शेपटीशी खेळायची.

आणि एके दिवशी अस्वलमामा धावत आले. "जमलं! तिन्ही चंद्रांचं गणित सुटलं! वानरालाही मान्य आहे!"

वाघोबांची जीभ एकदा मिशांवरून फिरली. सशीण आनंदानं डूल आणायला बिळाकडे वळली.

टिटवीनं एक पाय उचलून आभाळाकडे पाहिलं.

"धन्य आहे तुमची, मामा," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं राहिलं. ते बंद दार होतं ना? ते उघडलं. आत एक चंद्र निघाला."

अस्वलमामा मटकन खाली बसले. वाघोबांनी मोठा सुस्कारा टाकला.

"वहिनी," ते म्हणाले, "रताळी ठेवा भाजायला."

तात्पर्य : शुभ कार्याला उशीर करू नये. मात्र पानात आपल्यालाच वाढणार असतील, तर तयारीत काही उणं राहिलं नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहावं.