मुठीतल्या अक्षता

आमच्या महाल पेठेतल्या गोविंदरावांनी कित्येक लग्नांत मंगलाष्टकं शेवटपर्यंत ऐकली, पण अक्षता टाकल्या नाहीत. नवरी चौदाच्या आतली असली की अक्षता मुठीत, मूठ कोटाच्या खिशात आणि गोविंदराव पंगतीला न बसता घरी. कचेरीत कारकून, घरी एकटे. कुणी छेडलं तर एवढंच म्हणत, "काहून घाई गा? तांदूळ काही नासून नाही राहिले."

मला त्यांचा भयंकर हेवा वाटे. लग्नाचं वय चौदा करणाऱ्या कायद्यावर वाचनालयात वाद रंगला की मी तासभर धर्मशास्त्र सांगायचो आणि लोक जांभया द्यायचे. गोविंदरावांनी तांदळाचं वाक्य टाकलं की माना डोलायच्या. खरं सांगतो, मी कायद्याच्या विरुद्ध होतो तो धर्मासाठी नव्हे. गोविंदराव बाजूने होते म्हणून.

कायदा लागू होण्याआधी गावात लग्नांची झुंबड उडाली. त्यात मीही आमच्या अकरा वर्षांच्या यमूचं उरकलं. ती त्यांची लाडकी. तिच्यावर तरी अक्षता टाकाव्याच लागतील, असा माझा हिशेब. मुद्दाम त्यांना पुढे उभं केलं. 'सावधान' झालं. सारा मांडव नवरानवरी सोडून गोविंदरावांची मूठ बघत होता. ती खिशात गेली. माझ्याच मांडवात पुन्हा तेच जिंकले.

तीन वर्षं मी त्यांच्याशी अबोला धरला. यमू अजून माहेरीच होती; ती मात्र रोज त्यांच्या ओसरीवर.

एका सकाळी ते पत्र्याचा डबा घेऊन दारात आले. "यमूले बोलवा जी. आज चौदा पुरे झाले तिले."

बापाला तिथी आठवत नव्हती.

डब्यात कागदाच्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर मुलीचं नाव नि जन्मतिथी. त्यांनी यमूची पुडी सोडली आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

"काका, किती उशीर," यमू म्हणाली.

"मी नाही वं उशीर केला. तुझ्या बापानं घाई केली."

तळाशी एक पुडी पार पिवळी पडलेली दिसली. "ही कोणाची?" मी विचारलं. तीन वर्षांतला माझा पहिला शब्द.

"माझ्याच लग्नातल्या आहेत," ते झाकण लावत म्हणाले. "तेराव्या वर्षी गेली ती. बाळंतपणात."

यमू नमस्काराला वाकली. आधी त्यांना. हेवा वाटलाच मला. पण मी बाजूला सरून जागा दिली.